आप्तवाक्य आणि कारणदोष

विश्वासार्ह व्यक्तीच्या वचनातून होणारे ज्ञान, म्हणजेच शब्दप्रमाण, न्यायदर्शनाने स्वतंत्र प्रमाण म्हणून स्वीकारले. आणि असे वचन उच्चारणाऱ्या आप्ताला विषयाचे साक्षात ज्ञान असावे, तसेच जे जसे जाणले ते तसेच सांगण्याची इच्छा असावी, अशी अपेक्षा भाष्यकार वात्स्यायनांनी ठेवली. बँक, सरकारी कचेरी किंवा नातलग असल्याचे भासवून गुप्त माहिती काढून घेणारी ऑनलाइन फसवणूक, अर्थात फिशिंग, या आप्तत्वाचेच सोंग घेते. त्यामुळे न पाहिलेल्याच्या शब्दावर केव्हा विसंबावे, हा ज्ञानमीमांसेतील जुना प्रश्न रोजच्या व्यवहाराचा झाला आहे.

वर्धा जिल्ह्यात बोर व्याघ्र प्रकल्पाच्या वाटेवर असलेल्या हिंगणीसारख्या गावात सांगणारा कोण आणि कोणाच्या घरचा, हे ऐकणाऱ्याला सहसा ठाऊक असते. मोबाइलवरच्या संदेशाला मात्र हा आधार नसतो. पीएम-किसान योजनेचे वर्षाला 6000 रुपये तीन हप्त्यांत मिळणाऱ्या शेतकऱ्याला ‘केवायसी न केल्यास हप्ता बंद होईल’ असा बनावट संदेश येतो आणि त्यासोबत योजनेच्याच नावाची एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर थेट बसवता येणारे ॲप, जोडलेली असते. ते बसवून एसएमएस वाचण्याची परवानगी दिली की बँकेने पाठवलेला ओटीपी भामट्याच्या हाती पडतो.

मग अशा संदेशातून होणारे ज्ञान खरे केव्हा मानावे? ज्ञान बाधित होईपर्यंत, म्हणजे चुकीचे ठरेपर्यंत, ते खरेच मानावे, असा मीमांसकांचा स्वतःप्रामाण्यवाद आहे, तर ज्ञानाचा खरेपणा बाहेरून, मुख्यतः त्यानुसार केलेली कृती सफल झाल्यावरून कळतो, असा नैयायिकांचा परतःप्रामाण्यवाद आहे. फिशिंगपुढे दोन्ही मते तोकडी वाटतात, कारण येथे कृती हीच हानी असते आणि बाधक ज्ञान होते ते खाते रिकामे झाल्यावर. तथापि ज्ञानाच्या उगमातच दोष आढळला तरी ते बाधित होते, असेही मीमांसक कुमारिल भट्टांनी सांगितले आहे, आणि हा कारणदोष कृतीपूर्वीच ओळखता येतो. दाखवलेली घाई आणि धाक, अनोळखी लिंक, बँकेच्या संकेतस्थळाच्या पत्त्यात बदललेले एखादे अक्षर, पैसे जमा करण्याच्या नावाखाली मागितलेला यूपीआय पिन (जो पैसे स्वीकारताना लागतच नाही), ही त्याची लक्षणे होत. यांपैकी एकही दिसल्यास संदेशातील क्रमांक बाजूला ठेवून पासबुकावरील क्रमांकावर किंवा शाखेत जाऊन विचारणे, म्हणजे खऱ्या आप्तापर्यंत आपल्या वाटेने पोहोचणे होय.

अशी पडताळणी श्रद्धेला बाधक ठरत नाही. याच जिल्ह्यातील सेवाग्रामला 1936 मध्ये वास्तव्यास आलेल्या गांधीजींच्या एकादश व्रतांत सत्य आणि अस्तेय यांच्यासोबत अभयही आहे, आणि फिशिंगचा बराचसा जोर भयावर असल्याने निर्भय मनालाच थांबून विचार करण्याची सवड मिळते. फसलेल्या माणसाला लाज वाटते, पण पाप तोतयाचे असते. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 मधील कलम 66-ड अशा तोतयेगिरीलाच शिक्षापात्र ठरवते. लाजेपोटी बाळगलेले मौन भामट्याच्या पथ्यावर पडते, तर 1930 या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर तत्काळ केलेल्या तक्रारीमुळे रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. विश्वास हा समाजाचा ठेवा असेल, तर त्याची राखण करणारा विवेक हेही धर्माचेच अंग मानले पाहिजे.