नाव ठेवणं आणि नावं ठेवणं

काशीत श्राद्धाला बसलं की गुरुजी तीन गोष्टी विचारतात : गोत्र, नाव आणि नातं. दशाश्वमेधाजवळचा अहिल्याबाई घाट होळकरांच्या अहिल्याबाईंनी अठराव्या शतकात बांधला. तिथे पिंड ठेवणाऱ्या मराठी कुटुंबालाही हेच तीन प्रश्न. आजोबा की आजी, भाऊ की बहीण, हे सांगितल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. बाई की पुरुष ही नोंद माणूस गेल्यावरही त्याच्यामागे राहते.

2016च्या पितृपक्षात याच शहरात, पिशाचमोचन कुंडावर, ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी आणि किन्नर आखाड्याने दिवंगत किन्नरांसाठी सामूहिक पिंडदान केलं. हिजडा समाजात येणारे बहुतेकजण घर सुटल्यावर येतात. तिथे नवं नाव मिळतं, गुरू मिळतो, गुरूच्या नात्याने नवी माणसं मिळतात. अशा व्यक्तीसाठी पिंड ठेवताना नाव कोणतं घ्यायचं? बारशाला ठेवलेलं, की जिच्या हाकेला ती आयुष्यभर ‘ओ’ देत आली ते? हा कर्मकांडातला बारीकसा पेच वाटेल. पण माणूस कोण आहे हे सांगण्याचा अधिकार कुणाचा, हा नैतिक प्रश्न त्याच्या पोटात आहे.

मराठीत ‘नाव ठेवणं’ म्हणजे बारसं, आणि ‘नावं ठेवणं’ म्हणजे निंदा. मध्ये फरक एका अनुस्वाराचा. स्त्री-पुरुष या दोन खणांत न मावणाऱ्यांच्या वाट्याला आपल्या समाजात बहुतेक दुसरी गोष्टच आली. ‘हिजडा’ हा एका समाजाचा शब्द, आपण त्याची शिवी केली. म्हणूनच ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे आत्मकथनाचं शीर्षक महत्त्वाचं. शिवी म्हणून फेकलेला शब्द तिथे उचलून स्वतःच्या नावाशेजारी ठेवला आहे. ‘जोगता’ या शब्दाची तऱ्हा निराळी. तो यल्लम्माशी असलेलं नातं सांगतो, आतल्या जाणिवेबद्दल बोलत नाही. ‘तृतीयपंथी’ सभ्य आहे, पण त्यातही मोजणी आहे : पहिले दोन आधी, मग उरलेले. ट्रान्स, पारलिंगी, नॉनबायनरी, जेंडरक्विअर हे अलीकडचे शब्द मात्र ‘मी कोण’ इथून सुरू होतात.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की इतके शब्द हवेत कशाला? हा आक्षेप निदान मराठी माणसाने घेऊ नये. इंग्रजी ज्यांना एकाच शब्दात गुंडाळते, त्यांना आपण आत्या, मावशी, काकू, मामी असं वेगवेगळं ओळखतो, आणि त्याचं ओझं कुणाला होत नाही. जिथे नातं जपायचं असतं तिथे भाषा शब्दांची काटकसर करत नाही. शब्द फार झाले असं वाटतं, तेव्हा बहुधा ती माणसं आपल्याला दूरची वाटत असतात.

झेंड्यांचंही असंच. 1978 साली सॅन फ्रान्सिस्कोत गिल्बर्ट बेकर यांनी इंद्रधनुषी झेंडा केला, तेव्हा त्यात आठ रंग होते, पुढे सहा रूढ झाले. 1999 साली मोनिका हेल्म्स यांनी ट्रान्स समुदायाचा झेंडा आखला : कडेला फिकट निळे पट्टे, त्यांच्या आत गुलाबी, मधोमध पांढरा. तो कसाही धरला तरी उलटा होत नाही, आणि हे त्यांनी जाणूनबुजून साधलं होतं. 2014 साली काय रोवन यांनी नॉनबायनरी लोकांसाठी पिवळा, पांढरा, जांभळा आणि काळा असा झेंडा केला. ज्याला घरात तोंड उघडता येत नाही, त्याला गर्दीत लांबून दिसलेले हे रंग सांगतात की तू एकटा नाहीस, एकटी नाहीस. एवढं काम पुष्कळ झालं.

तरी एक धोका उरतो. ओळखीचा शब्द उद्या ओळखपत्र होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014च्या नालसा निकालात आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. 2019 साली संसदेने केलेल्या कायद्याने मात्र त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र पुढे आणलं. झेंड्याचंही प्रमाणपत्र होऊ शकतं : रंग माहीत नाहीत म्हणून सौंदत्तीच्या डोंगरावरच्या जोगत्याला कुणी अडाणी ठरवलं, तर तेही नावं ठेवणंच. म्हणून कसोटी शब्दांच्या संख्येची नको, दिशेची हवी. शब्द आतून बाहेर आला की बाहेरून अंगावर आला, एवढंच पाहावं.

ऐकणाऱ्याचं कर्तव्य त्यातूनच ठरतं. समोरचा माणूस जे नाव सांगेल त्याने हाक मारण्यासाठी कुठलाही सिद्धान्त पटावा लागत नाही. बारशाच्या नावाचा पुरावा आपण कुणाकडे मागतो?

आपली भाषा यात वाटते तितकी कडक नाही. ‘मी आलो’ की ‘मी आले’ हे तिला आधी कळायला हवं, हे खरं. पण कोल्हापुरात मुलीही सहज ‘मी आलो’ म्हणतात. ‘मी येईन’, ‘मी भाकरी खाल्ली’, ‘मला भूक लागली’ यांत बोलणारा कोण हे भाषा विचारतच नाही. बनारसी बोलण्यात तर बाई आणि पुरुष दोघंही स्वतःला ‘हम’ म्हणतात. व्याकरणाने ही जागा कधीचीच मोकळी ठेवली आहे. तिथे कुणी येऊन बसलं, तर आधी नाव विचारावं आणि जे सांगितलं जाईल ते नीट उच्चारावं.