अपयशाचा कर्ता कोण? व्हिडिओ गेमचा बाजार आणि कर्मफलाचा प्रश्न

व्यापारी अपयश या संज्ञेचा रूढ अर्थ असा, की एखादी वस्तू घडविण्यासाठी आणि खपविण्यासाठी जेवढा पैसा लागला तेवढा तिच्या विक्रीतून परत आला नाही. हा अर्थ हिशेबाच्या वहीपुरता आहे आणि तेथे त्यात काही गोंधळ नाही. परंतु व्हिडिओ गेमच्या इतिहासातील सर्वांत मोठे अपयश कोणते, असा वाद जेव्हा त्या क्षेत्राचे जाणकार आणि खेळाडू घालतात, तेव्हा वहीतील तोट्याचे बघता बघता दोषारोपात रूपांतर होते. अमुक खेळ बुडाला म्हणजे तो वाईटच असला पाहिजे, त्याचा कर्ता नालायक असला पाहिजे आणि जे झाले ते त्याच्या कर्माचेच फळ होते, ही साखळी बहुधा न उच्चारताच मान्य केली जाते. बाजार हा कर्माचा न्यायाधीश आहे, हे तिच्या मुळाशी असलेले गृहीतक होय, आणि ते टिकते की नाही हा केवळ व्यापाराचा प्रश्न नसून कर्म आणि फळ यांच्या संबंधाविषयीचा जुना तात्त्विक प्रश्न आहे.

भारतीय दर्शनांत कर्मसिद्धान्ताचे समर्थन करताना दोन आपत्तींचा उल्लेख वारंवार येतो. आपत्ती याचा शास्त्रीय अर्थ येथे संकट असा नसून, एखादे मत स्वीकारल्यास गळ्यात पडणारा अनिष्ट निष्कर्ष असा आहे. पहिली आपत्ती कृतनाश, म्हणजे केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळताच ते कर्म वाया जाणे. दुसरी अकृताभ्यागम, म्हणजे जे केलेच नाही त्याचे फळ भोगावे लागणे. जगाची व्यवस्था न्याय्य मानायची तर या दोन्ही गोष्टी घडता कामा नयेत, आणि प्रत्यक्षात तर त्या रोज घडताना दिसतात. म्हणून कर्म मानणाऱ्या दर्शनांना एका आयुष्यापलीकडे जाऊन पुनर्जन्माचा आधार घ्यावा लागला. एका जन्माचा ताळेबंद जुळत नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे ओळखले होते. बाजाराचा ताळेबंद मात्र दर तिमाहीला मिटतो, आणि तरीही त्याच्या निकालाला कर्मफलाची प्रतिष्ठा देण्याची घाई केली जाते.

या घाईचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई.टी.' हा चित्रपट १९८२ मध्ये अफाट लोकप्रिय झाल्यावर, त्यावर खेळ काढण्याचे हक्क वॉर्नर कम्युनिकेशन्सच्या मालकीच्या अटारी कंपनीसाठी घेण्यात आले; त्यासाठी २ कोटी डॉलर किंवा त्याहून अधिक रक्कम मोजल्याचे सांगितले जाते. बोलणी संपेपर्यंत जुलै सरत आला होता आणि खेळ तर नाताळच्या खरेदीसाठी दुकानात हवा होता, त्यामुळे एरवी ज्या कामाला कित्येक महिने लागत ते हा खेळ रचणाऱ्या हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांना सुमारे पाच आठवड्यांत उरकावे लागले. खेळाच्या सुमारे ४० लाख कार्ट्रिज, म्हणजे महाराष्ट्रात पुढे ज्यांना व्हिडिओ गेमच्या कॅसेटी म्हटले गेले तशा डब्या, तयार करण्यात आल्या. त्यांपैकी १५ लाखांच्या आसपास खपल्या, उरलेल्यांचा ढीग साचला, आणि सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीचा न खपलेला माल न्यू मेक्सिको राज्यातील अलामोगोर्डो गावाच्या कचराभूमीत पुरून टाकण्यात आला. त्याच सुमारास अमेरिकेतील घरगुती व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला, आणि एका उद्योगाला बुडविणारा खेळ ही ओळख 'ई.टी.'ला कायमची चिकटली.

हे कर्म नेमके कोणाचे, हा प्रश्न भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायातील एका विवेचनाच्या प्रकाशात पाहण्याजोगा आहे. तेथे कोणत्याही कर्माच्या सिद्धीला पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. अधिष्ठान म्हणजे कर्माचा आश्रय. शांकरभाष्यात त्याचा अर्थ शरीर असा केला आहे, परंतु व्यापक अर्थाने कर्म जेथे घडते ती जागा असे म्हणता येईल. करण म्हणजे साधने, चेष्टा म्हणजे नाना प्रकारचे व्यापार, आणि दैव म्हणजे या चारही कारणांच्या आवाक्याबाहेरचे जे काही उरते ते. पाच कारणे असताना जो केवळ स्वतःला कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कारहीन होय, असा गीतेचा निष्कर्ष आहे. हा निष्कर्ष अहंकाराविरुद्ध योजलेला असला, तरी दुसऱ्याच्या माथी सारा दोष मारणाऱ्यालाही तो तितकाच लागू पडतो.

'ई.टी.'चे अधिष्ठान म्हणजे अटारी २६०० हे १९७७ साली बाजारात आलेले यंत्र, ज्याची खेळ चालू असताना वापरायची स्मृती अवघी १२८ बाइट होती. हे आधीचे वाक्यही तिच्यात मावले नसते. करणे तुटपुंजी आणि वेळ त्याहून तुटपुंजा. चेष्टांमध्ये हक्कांची किंमत ठरविणे, नाताळची मुदत घालणे, खप न अजमावता लाखो प्रती काढणे हे सगळे येते, आणि त्यांतील एकही निर्णय वॉर्शॉ यांचा नव्हता. दैवाच्या बाजूला बाजाराची स्थिती होती: सुमार खेळांचा पूर, दुकानदारांकडे अडकलेला माल आणि खेळही खेळता येतील अशा स्वस्त घरगुती संगणकांची स्पर्धा. राहता राहिला कर्ता. वॉर्शॉ यांनी मुदत स्वतः स्वीकारली होती, आणि सोप्या, चालून गेलेल्या साच्याऐवजी काही नवे करण्याचा हट्टही त्यांचाच होता. नायक पुनःपुन्हा खड्ड्यांत पडतो ही खेळाडूंची तक्रार त्या आराखड्यातूनच उद्भवली. म्हणजे कर्त्याचा वाटा शून्य नाही, पण तो पाचांतील एक आहे. ज्यांनी त्याच यंत्रासाठी, त्याच वर्षी बाजारात आलेला 'यार्स रिव्हेंज' हा नावाजलेला खेळ घडविला होता, त्यांच्या माथी एका उद्योगाच्या पतनाचे खापर फोडणे हा अकृताभ्यागमाचा ठळक नमुना ठरतो.

पहिल्या आपत्तीचे, म्हणजे कृतनाशाचे, उदाहरण जपानमधील निन्टेन्डो कंपनीने पुरविले आहे, आणि ते प्रयोगशाळेतील प्रयोगाइतके स्वच्छ आहे. या कंपनीने २०१२ मध्ये वी यू नावाचे यंत्र आणले. आधीच्या वी या यंत्राशी असलेल्या नामसाधर्म्यामुळे ते नवे यंत्र आहे की जुन्याची जोडवस्तू, हेच अनेक ग्राहकांना उमगले नाही, आणि त्याची एकूण विक्री १ कोटी ३५ लाखांच्या जवळपास थांबली. याच यंत्रासाठी २०१४ मध्ये 'मारिओ कार्ट ८' हा शर्यतीचा खेळ निघाला आणि त्याच्या सुमारे ८५ लाख प्रती खपल्या. पुढे २०१७ मध्ये तोच खेळ थोड्या भरीसह निन्टेन्डो स्विच या नव्या यंत्रावर आणला गेला, तेव्हा खप ६ कोटींच्या पुढे गेला. कर्ते तेच, कौशल्य तेच, शर्यतीचे बहुतेक रस्तेही तेच. बदलले ते अधिष्ठान. फळ जर कर्माच्या गुणाचे माप असते, तर एकाच कर्माची दोन मापे इतकी भिन्न निघाली नसती.

याहून सूक्ष्म प्रश्न फलाशेचा, म्हणजे फळाविषयी आधीच बांधलेल्या अपेक्षेचा आहे. 'टूम रेडर' या मालिकेतील २०१३ च्या खेळाच्या पहिल्या सुमारे चार आठवड्यांत ३४ लाख प्रती विकल्या गेल्या, आणि तरीही स्क्वेअर एनिक्स या प्रकाशक कंपनीने ती विक्री अपेक्षेपेक्षा कमी असल्याचे जाहीर केले. दुसऱ्या एखाद्या संस्थेने ज्यासाठी पेढे वाटले असते, ते येथे निराशेच्या रकान्यात गेले. यावरून दिसते ते असे, की अपयश हा वस्तूचा अंगभूत धर्म नसून फळ आणि फलाशा यांमधील अंतराला दिलेले ते नाव आहे. आणि फलाशा ठरविणारा हा बहुधा कर्म करणाऱ्याहून वेगळा असतो. गीतेतील साधकाला आपली आशा आपणच आवरता येते, परंतु मोठ्या कंपनीतील कारागिराला दुसऱ्याने बांधलेल्या आशेच्या मापाने मोजले जाते.

फळ आज दिसले नाही म्हणून ते नाहीच, असेही म्हणता येत नाही, हा मुद्दा पूर्वमीमांसकांनी अपूर्व या संकल्पनेतून मांडला. यज्ञ आज संपतो आणि त्याचे स्वर्गरूप फळ मात्र फार पुढे मिळायचे असते. मधल्या काळात कर्म आणि फळ यांना जोडणारी जी अदृश्य शक्ती शिल्लक राहते, ती अपूर्व. सेगा कंपनीचे ड्रीमकास्ट हे यंत्र या संकल्पनेची आठवण करून देते. ते जपानमध्ये नोव्हेंबर १९९८ मध्ये आले, सोनीच्या प्लेस्टेशन २ पुढे टिकले नाही आणि ९० लाखांच्या आसपास विक्री होऊन २००१ मध्ये त्याचे उत्पादन थांबले. सेगाने यंत्रे बनविण्याचा व्यवसायच सोडला. पण त्यात टेलिफोनच्या तारेवरून दूरच्या खेळाडूंशी खेळण्याची जी सोय होती, ती पुढे घरोघरच्या यंत्रांची सामान्य गोष्ट बनली. त्याच यंत्रासाठी यू सुझुकी यांनी १९९९ मध्ये घडविलेला 'शेनम्यू' हा अतिशय खर्चिक खेळ खर्च भरून काढू शकला नाही. परंतु २०१५ मध्ये त्याच्या तिसऱ्या भागासाठी चाहत्यांनी वर्गणीतून ६० लाखांहून अधिक डॉलर उभे केले. अर्थात मीमांसा आणि बाजार यांतील भेद येथे विसरता येणार नाही: अपूर्व यजमानाच्या आत्म्याशी जोडलेले असते आणि फळ त्यालाच मिळते, तर बाजारातील अपूर्वाचा लाभ बहुधा प्रतिस्पर्ध्यांना होतो.

या सर्व विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येतो. फळ कर्त्याच्या हाती नाही, असे एकदा मान्य केले की प्रत्येक बेपर्वा माणसाला निष्काम कर्माचा आडोसा मिळेल, आणि बुडालेल्या पैशाला व गेलेल्या नोकऱ्यांना कोणीच जबाबदार उरणार नाही. १९१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त लोकमान्य टिळकांनी या शंकेच्या उत्तराची दिशा दाखविली आहे: कर्माची नैतिक पारख बाह्य परिणामापेक्षा कर्त्याच्या बुद्धीवरून करावी, हे त्यांचे प्रतिपादन फलाशा सोडायला सांगते, फळाचा विचार सोडायला सांगत नाही, आणि लोकसंग्रह, म्हणजे समाजाच्या धारणेसाठी करावयाचे कर्म, डोळसपणाशिवाय संभवत नाही. स्वतःच्या वाट्याचे फळ सोडणे हा त्याग आहे. दुसऱ्याच्या वाट्याचे फळ पणाला लावून अलिप्त राहणे हा निव्वळ निष्काळजीपणा आहे. म्हणून कर्त्याची बुद्धी कळण्याची जागा अपयशानंतरच्या वर्तनात शोधली पाहिजे.

तशी दोन उदाहरणे लक्षणीय आहेत. सेगाचे प्रमुख इसाओ ओकावा यांनी २००१ मध्ये मृत्यूपूर्वी कंपनीला दिलेले कर्ज माफ केले आणि आपले समभागही कंपनीलाच देऊन टाकले. या दानाचे मूल्य सुमारे ६९ कोटी ५० लाख डॉलर होते. दुसरे उदाहरण 'फायनल फँटसी १४' या, इंटरनेटवर हजारो जणांनी एकत्र खेळायच्या खेळाचे आहे. २०१० मध्ये तो इतक्या सदोष स्थितीत आला, की स्क्वेअर एनिक्सने जाहीर माफी मागितली, मासिक शुल्क थांबविले आणि नाओकी योशिदा यांच्याकडे सूत्रे सोपविली. त्यांनी जुना खेळ दुरुस्त करीत असतानाच नवा रचायला घेतला. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने जग कथेतच आकाशातून कोसळणाऱ्या चंद्राने नष्ट झाल्याचे दाखवून बंद करण्यात आले आणि २०१३ मध्ये नवे जग उघडले. दोषाची कबुली, झीज सोसणे आणि पुन्हा नीट कर्म करणे, ही धर्मशास्त्रातील प्रायश्चित्ताची अंगे येथे ओळखू येतात.

याच्या उलट टोकाला सोनीचा 'कॉनकॉर्ड' उभा आहे. कित्येक वर्षे खपून तयार केलेला हा खेळ २३ ऑगस्ट २०२४ रोजी बाजारात आला, खेळाडू फिरकले नाहीत म्हणून ६ सप्टेंबरला बंद करण्यात आला, ग्राहकांचे पैसे परत दिले गेले, आणि ऑक्टोबरमध्ये तो घडविणारा फायरवॉक स्टुडिओही बंद झाल्याचे जाहीर झाले. ग्राहकांपुरता व्यवहार चोख होता. परंतु हा खेळ केवळ कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे दूरच्या मध्यवर्ती संगणकांवर, चालणारा असल्यामुळे ते बंद होताच खेळ म्हणून तो उरलाच नाही. अपूर्वाला आश्रय लागतो, आणि येथे आश्रयच काढून घेतला गेला. आकड्यांत कोणाचा तोटा मोठा हे ठरविता येईल, पण तात्त्विक दृष्टीने सर्वांत मोठे अपयश तेच म्हणावे लागेल, ज्यात निकाल चुकीचा होता की बरोबर हे पुढच्यांना तपासताच येऊ नये. कारण त्यात कृतनाश पूर्ण होतो.

'ई.टी.'च्या बाबतीत तसे झाले नाही. २६ एप्रिल २०१४ रोजी अलामोगोर्डोची कचराभूमी उकरण्यात आली, तीस वर्षे पुरलेल्या कार्ट्रिज मातीने माखलेल्या स्थितीत बाहेर निघाल्या, आणि त्यांपैकी एक वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात जतन करण्यात आली. वॉर्शॉ त्या उत्खननाच्या वेळी हजर होते; तोवर त्यांनी मानसोपचाराचा व्यवसाय स्वीकारला होता. सुमारे १,३०० कार्ट्रिज बाहेर काढून खड्डा पुन्हा बुजविण्यात आला. उरलेला माल अजून तेथेच जमिनीखाली आहे.