सोंग आणि ध्वनिमुद्रिका

सोंग आणि ढोंग या दोन शब्दांत मराठीने एक नैतिक भेद जपून ठेवला आहे. सोंग घेणाऱ्याला आपले सोंग प्रेक्षकांपासून लपवायचे नसते. ढोंगाचे सारे बळ लपवण्यातच असते. पण रंगमंच समोर नसेल, केवळ ध्वनिमुद्रिका ऐकू येत असेल, तर हा भेद कशाच्या आधारे करावयाचा?

भरताने सांगितलेल्या चतुर्विध अभिनयापैकी वेशभूषा आणि रंगभूषेचा ‘आहार्य’ अभिनय ध्वनिमुद्रिकेत उतरतच नाही. बालगंधर्वांच्या मुद्रिका ऐकताना शालू दिसत नाही, नथ दिसत नाही. तरी त्यात फसवणूक झाली असे कोणाला वाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली स्थापन झालेल्या ‘किस’ या बँडचे उदाहरण अधिक बोचरे आहे. रंगवलेले चेहरे, उंच टाचांचे बूट, तोंडातून ओघळणारे खोटे रक्त, हे सारे उघड सोंग होते. १९७५ साली त्यांचा ‘अलाइव्ह!’ हा ध्वनिसंच प्रत्यक्ष मैफलींचा म्हणून निघाला. त्यातील काही भागांची डागडुजी मागाहून स्टुडिओत झाली होती, हे पुढे संबंधितांनीच मान्य केले. म्हणजे चेहऱ्यावरच्या रंगाने कोणाला फसवले नव्हते. फसवले ते ध्वनीने. १९८३ साली त्यांनी रंग पुसला, तेव्हा ते अधिक प्रामाणिक झाले असे मी तरी मानत नाही.

दिल्लीत २०१६ साली सुरू झालेला ‘ब्लडीवुड’ हा मेटल बँड मुखवटे घालत नाही. मात्र आरंभी तो लोकप्रिय गीतांची विडंबने करीत असे, आणि विडंबन हाही मुखवटाच असतो: शब्द झोंबला की ‘गंमत होती’ म्हणून मागे सरता येते. २०२२ सालच्या ‘रक्षक’ या ध्वनिसंचात ही पळवाट उरली नाही. त्यातील ‘दनादन’ हे गीत लैंगिक अत्याचाराविरुद्ध आहे आणि ते अत्याचाऱ्याला ठोकण्याची भाषा बोलते. डिसेंबर २०१२ ज्या शहराने पाहिला, तेथे हा संताप कळतो. पण कळणे म्हणजे संमती नव्हे.

गायक जयंत भदुला यांचा घसा फाडून काढलेला गुरगुराट मला कंठाने चढवलेला मुखवटा वाटतो. आहार्य जणू वाचिकात शिरले आहे. त्याचा आस्वाद मी रौद्र रस म्हणून निःशंकपणे घेतो. राउल केर यांचे इंग्रजी रॅप मात्र साध्या, बोलण्याच्या आवाजात येते. तेथे पात्र उरत नाही. नागरिक बोलू लागतो. आणि शिक्षा देण्याचा अधिकार या नागरिकाला कोणी दिला, असे विचारावेसे वाटते.

माझ्या विद्यार्थिनींना ही शंका सुखवस्तू पुरुषाची वाटली. रात्री एकटीने बसमधून घरी परतणे म्हणजे काय, हे मला ठाऊक नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. ते खरेच होते. आम्ही गीत पुन्हा लावले. या खेपेस मी रॅप अधिक लक्षपूर्वक ऐकले.