गुन्हेगार आणि पत्ता
गाडीत पिवळा दिवा लागला. चिंचवडच्या फिटरने स्कॅनर जोडला. कोड आला पी ०२०१. म्हणजे पहिल्या सिलिंडरच्या इंजेक्टरचं सर्किट.

‘बदला इंजेक्टर!’ मी निकाल देऊन मोकळा.

‘थांबा साहेब. कोड पत्ता सांगतो, चोर नाही.’ त्याने पहिला इंजेक्टर दुसऱ्याच्या जागी बसवला. खोट इंजेक्टरची असती तर कोड ०२०२ झाला असता. झाला नाही. वायर उंदराने कुरतडली होती. (उंदराला मेमो कोण देणार?)

चाकणला सुपरवायझर असताना माल रिजेक्ट झाला, की मी रजिस्टरातलं नाव बघून मेमो देत असे. माणसाला दुसऱ्या मशीनवर उभा करून कधी बघितलं नाही. एका पोराची नोकरी गेली त्यात.

फिटरने वायर जोडून २०० रुपये मागितले. मी ५०० दिले. सुटे नव्हते, असं घरी सांगितलं.