धर्म आणि गुण

लंडनला राहणारी आमची भाची गेल्या उन्हाळ्यांत पुण्यास आली, तेव्हां तिच्या पंधरा वर्षांच्या मुलीची एक अभ्यासवही आमच्या हातीं पडली. इंग्लंडांतील शाळांत सोळाव्या वर्षाच्या सुमारास जी सार्वजनिक परीक्षा होते, तींत ‘धर्माभ्यास’ हा विषय घेतां येतो. २०१६ पासून शिकविल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमाप्रमाणें त्यांत दोन धर्म अभ्यासावे लागतात, आणि हिंदुधर्म त्यांपैकीं एक असूं शकतो. वहींत एक प्रश्न होता: ‘कर्मसिद्धान्तामुळें दुःखितांची उपेक्षा होते’ या विधानाची दोन्ही बाजूंनीं चर्चा करून स्वतःचा निर्णय द्या, गुण बारा. मुलीनें चांगलीं दोन पानें लिहिलीं होतीं आणि शेवटीं विधान मान्य केलें होतें. शिक्षिकेनें अकरा गुण दिले होते. भाची मात्र कष्टी होती. “मामा, घरीं देवापुढें हात जोडते आणि शाळेंत त्याच धर्माविरुद्ध लिहून गुण मिळवते. हिला मी काय सांगूं?” आम्हीं कांहींतरी उडवाउडवीचें उत्तर दिलें, याची आम्हांस आजही लाज वाटते.

प्रश्न वाटतो तितका घरगुती नाहीं. आपल्या राज्यघटनेच्या २८ व्या कलमानें, जी संस्था सर्वस्वीं सरकारी पैशावर चालते तींत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई केली आहे. पुढें कोठारी आयोगानें (१९६४-६६) धर्माचें शिक्षण आणि धर्मांविषयींचें शिक्षण असा भेद केला. २००२ सालीं सर्वोच्च न्यायालयानेंही धर्मांचा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असा निर्वाळा दिला. कायद्याच्या कामास हा भेद पुरेसा आहे. परंतु पंधरा वर्षांच्या मुलीच्या मनांत या दोहोंसाठीं निरनिराळे कप्पे असतात काय? प्राध्यापकाच्या तरी असतात काय? आम्ही तीस वर्षें तत्त्वज्ञान शिकवीत आलों. वर्गांत शांकरमतावर खुशाल टीका करावी आणि घरीं येऊन पूजेस बसावें, असा आमचा क्रम. त्यांत विसंगति आहे असें आम्हांस कधीं वाटलें नाहीं; विद्यार्थ्यांस काय वाटलें तें त्यांनाच ठाऊक.

भाचीच्या तक्रारीस एक उत्तर आपल्याच परंपरेंत आहे. पूर्वपक्ष मांडल्यावांचून सिद्धान्त सांगावयाचा नाहीं, ही शास्त्रकारांची शिस्त. चौदाव्या शतकांतील सर्वदर्शनसंग्रहाचा आरंभच चार्वाकमतानें होतो, आणि १९२४ सालीं पुण्यास त्याची सटीक आवृत्ति काढली ती वासुदेवशास्त्री अभ्यंकरांसारख्या कर्मठ पंडितानें. वेद न मानणाऱ्याचें म्हणणें त्याच्या बाजूनें नीट मांडतां येणें ही शास्त्र्याची योग्यता समजली जाई. तेव्हां त्या मुलीनें केलें तें आपणांस अगदींच परकें नाहीं. मात्र एक फरक आहे, आणि तो लहान नव्हे. पाठशाळेंतला विद्यार्थी पूर्वपक्षांतून पुढें जाई, कारण पलीकडे गुरु उभा असे. आणि पूर्वपक्षाचे त्याला गुण मिळत नसत.

गुणांचें प्रकरण मोठें चमत्कारिक आहे. सिंगापुरांत १९८४ पासून माध्यमिक शाळेच्या वरच्या दोन वर्गांस धर्मज्ञान हा विषय सक्तीचा झाला. ख्रिस्ती, इस्लामी, बौद्ध, हिंदु, शीख आणि कन्फ्यूशियन नीति यांतून एक निवडावयाचा होता. हेतु मुलांची नीति सुधारण्याचा. १९८९ सालीं सरकारनें ती सक्ति उठविण्याचें ठरविलें, कारण धर्माधर्मांतील अंतरें अधिक ठळक होऊं लागलीं असें त्यास दिसून आलें. ज्याला त्याला आपापलाच धर्म शिकविला कीं असें व्हावयाचेंच. इंग्रजी अभ्यासक्रमांतील दोन धर्मांची अट आम्हांस शहाणपणाची वाटते ती यामुळें.

आमची खरी अडचण निराळीच आहे. त्या वहींतील बहुतेक वाक्यें ‘हिंदु असें मानतात’ या शब्दांनीं सुरू होतात: ब्रह्म, त्रिमूर्ति, चार पुरुषार्थ, मोक्ष. भाचीचें कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. धनगरापासून ब्राह्मणापर्यंत सगळ्यांनीं त्याच पायऱ्यांवर भंडारा उधळावा असा तो देव. त्याचें नांव वहींत नाहीं, आणि त्रिमूर्तीची पूजा तर तिच्या घरीं कोणीं केल्याचें आम्हांस आठवत नाहीं. परीक्षेस सोयीचा केलेला धर्म असा कोणाच्याच घरीं न नांदणारा होऊन बसतो.

जातीच्या बाबतींत तर अडचण अधिकच बोचते. कॅलिफोर्नियांत २००५-०६ सालीं सहावीच्या इतिहासाच्या पुस्तकांवरून वाद झाला. जातिभेद व स्त्रियांचें स्थान यांविषयींचा मजकूर कांहीं हिंदु संस्थांना बदलून हवा होता. अनेक विद्वानांनीं आणि दलित संघटनांनीं त्यास विरोध केला. परक्या देशांत आपल्या मुलास वर्गांत मान खालीं घालावी लागूं नये, ही आईबापांची इच्छा आम्हांस कळते. परंतु २५ डिसेंबर १९२७ रोजीं महाडास डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं मनुस्मृति कां जाळली गेली, हें सांगण्यास जें पुस्तक कचरतें तें हिंदुधर्माचें पुस्तक नव्हे, जाहिरात होय.

विठ्ठल रामजी शिंदे १९०१ ते १९०३ या काळांत ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजांत धर्मांचा तौलनिक अभ्यास करीत होते. त्यानें त्यांची श्रद्धा आटली नाहीं; १९०६ सालीं त्यांनींच अस्पृश्यांसाठीं मिशन काढलें. अभ्यासानें धर्म बुडतो म्हणणाऱ्यांस आम्ही हें उदाहरण नेहमीं देतों. अर्थात् ऑक्सफर्डला गेले तेव्हां ते अठ्ठावीस वर्षांचे होते, पंधरा वर्षांचे नव्हते.

भाची परत जाण्यापूर्वीं नातीला घेऊन आम्ही जेजुरीस जाऊन आलों. परवां तिचें पत्र आलें. शिक्षिकेनें तिला वर्गांत जेजुरीविषयीं दहा मिनिटें बोलावयास सांगितलें आहे आणि भाषण लिहूनही झालें आहे. एकच गोष्ट तिला विचारावयाची होती: “आजोबा, बोलतांना ‘आम्ही’ म्हणूं, कीं ‘हिंदु लोक’ म्हणूं?” दोन दिवस झाले, आमचें उत्तर अजून अर्धेंच लिहून झालें आहे.