दुभाष्याचे पाचारण

पाचारण म्हटले की आपण झगा घातलेल्या तरुणाकडे किंवा मठात निघालेल्या मुलीकडे पाहतो. वाडीला पाणी देणारा, पहाटेची लोकल गाठणारा, आजाऱ्याच्या उशाशी जागणारी, हा सारा आपल्या लेखी नुसता प्रपंच. ही वाटणी आपल्याच मातीतल्या संत गोन्सालो गार्सियाला मुळीच लागू पडत नाही.

वसईत जन्मलेला हा तरुण जपानात येशूसंघीयांचा मदतनीस होता. संघात प्रवेश मिळावा ही त्याची आस पुरी झाली नाही. तो व्यापारी झाला आणि (प्रवचनांत हे आपण घाईने ओलांडतो) चांगला यशस्वी झाला. पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कनांनी त्याला व्रतस्थ बंधू म्हणून स्वीकारले. १५९३ साली ते जपानला गेले, तेव्हा त्यांना दुभाष्या हवा होता. आधी धर्मशिक्षणात, मग बाजारात रुळलेली जपानी भाषा गोन्सालोच्या जिभेवर होतीच. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर तो रक्तसाक्षी झाला. १८६२ मध्ये ख्रिस्तसभेने त्याला संतपद दिले.

मग दुःख देवच धाडतो, असे म्हणावे काय? लेकरू गमावलेल्या मातेला असे सांगणे क्रूरपणाचे होईल. गोन्सालोला मिळालेला नकार हा नकारच होता; तो सलला असणारच. त्या वर्षांतले काही प्रभूने वाया जाऊ दिले नाही, एवढेच आपण म्हणू शकतो.

आणि नागासाकीपर्यंत न पोहोचलेल्यांचे काय? वसईचे कितीतरी गोन्सालो बाजारातच राहिले, खरे माप देत तिथेच थकले. त्यांचा सण कोणत्याही पंचांगात नाही.