क्षणाची किंमत

ताकाशी मुराकामी या जपानी चित्रकारासोबत स्विस कंपनी हुब्लोने २०२१ मध्ये घड्याळ काढलं. डायलवर त्याचं हसरं फूल. काळ्या हिऱ्यांनी मढवलेल्या बारा पाकळ्या मनगट हललं की गरगरतात. अशी फक्त २०० घड्याळं. वेळ बघणं दुय्यमच!

पण क्षण विकत घेता येतो का?

नागपुरात १९२४ साली जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे झेन या बौद्ध विचारात रमले. रोलरने, पॅलेट नाइफने रंगाचे थर चढवायचे, काढायचे. वर्षाकाठी मोजकीच चित्रं. सगळं अनित्य, असं बौद्ध मत सांगतं. मुराकामीच्या फुलाला मात्र हिरे कोमेजू देत नाहीत.

तरी एकट्या घड्याळवाल्यांना नावं कशाला ठेवायची? त्याच २०२१ मध्ये गायतोंड्यांचं १९६१चं एक चित्र लिलावात जवळपास ४० कोटींना गेलं.